रिकाम्या चेंबरचा चमत्कार

पहिला दात पडला तेव्हा बाबांनी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

गॅरेजांच्या गल्लीच्या टोकाला बंद वखारीचं आवार होतं. तिथे सकाळपासून दोन-अडीचशे माणूस दाटलं होतं. बाबांच्या तेलाच्या बाटल्या आज थोड्याच आहेत अशी आवई उठली आणि एका टेम्पोवाल्याचं कोपर दुसऱ्याच्या जबड्यात बसलं. दात मातीत पडला, त्यावरून चार चपला गेल्या. ज्याचा दात होता तो रक्त थुंकत पुन्हा रांगेत शिरला. दातांचं काय, तोंडात अजून पुष्कळ होते.

आक्का पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती. बाकीचे उभे, ती बसलेली. गल्लीतलं सगळ्यात जुनं गॅरेज तिचं, आणि सगळ्यात धारदार जीभही तिचीच. शाळेचं तोंड तिनं दोनच वर्षं पाहिलं होतं, पण तिची चिमूट म्हणजे गल्लीची शाळा. कुणी तेलाचा नवा डबा उघडला की आधी आक्काकडे आणायचा. ती अंगठा आणि तर्जनी तेलात बुडवायची, चोळायची, मग बोटं हळूच लांब करून मधली तार बघायची. तार टिकली तर तेल खरं, तुटली तर डबा परत. चाळीस वर्षं गल्ली या दोन बोटांवर चालली होती आणि आक्काची मान त्या बोटांवर उभी होती.

बाबा आले. पांढरा डगला, पांढरे हातमोजे, कुठे म्हणून डाग नाही. सगळा जन्म तेलात काढला म्हणे, आणि नखात काळं नाही. हे तेव्हाच खुपायला हवं होतं. पण गर्दीत उभं राहिलं की माणसाचे डोळे शेजाऱ्याच्या खिशात जातात.

"लेकरांनो," बाबा म्हणाले, "कंपनी तुमच्या नव्या गाडीत काय ओतते? डब्यावर तिनंच लिहून ठेवलंय. शून्य. शून्य-वीस. म्हणजे अक्कल शून्य आणि दुखणी वीस."

लोक हसले. आक्काही हसली.

"इंजिनाला आईचं दूध लागतं. यांनी त्यात पाणी घातलं. आता बघा, तेलाविना इंजिन कसं माझ्या श्वासावर चालतं."

गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर एक जुनी गाडी उभी होती. चेल्यानं चावी फिरवली. इंजिन असं खडखडलं, जसं कुणी पत्र्याच्या पेटीत खिळे हलवतंय. इंजिनाच्या बुडाशी तेलाचं एक भांडं असतं, त्याला चेंबर म्हणतात. दुसरा चेला खड्ड्यात उतरला आणि त्यानं चेंबरचा बोल्ट काढला. काळं तेल काचेच्या बरणीत पडलं, धार बारीक झाली, थेंब झाले, थेंबही थांबले. इंजिन मात्र चालूच. बाबांनी तेल मोजायची पट्टी उपसली आणि पांढऱ्या मोज्यावर पुसली. मोजा कोराच राहिला. गर्दीतून असा आवाज आला की जणू सगळ्यांनी एकच घास गिळला.

मग बोल्ट बसवून बाबांनी आपल्या बाटलीतलं तेल वरून ओतलं. खडखड मंदावली, मंदावली आणि गेली. इंजिन मांजरासारखं गुरगुरू लागलं.

"या गल्लीत तेल कळणारी बोटं कुणाची?" बाबांनी विचारलं.

शंभर हातांनी आक्काकडे बोट केलं. तिनं बाटलीत बोटं बुडवली, चोळली, लांब केली. तार वीतभर आली आणि तुटली नाही. अशी तार तिनं जन्मात पाहिली नव्हती.

"हे तेल," आक्का म्हणाली.

एवढे दोन शब्द. त्या दोन शब्दांवर दुपारपर्यंत बाटल्या संपल्या, एकाचा हात मोडला, आणि पंक्चरवाल्यानं, जो रोज आक्काच्या ओट्यावर चहा प्यायचा, सख्ख्या मेव्हण्याच्या हातून बाटली हिसकावली.

घरी आक्काची सून गॅरेजच्या खड्ड्यात उभी होती. गॅरेजचं खरं काम आता तीच करायची. मुलगा भाड्यानं गाडी चालवायचा, सून ती नीट ठेवायची. सहा महिन्यांपूर्वीच नवी गाडी घेतली होती.

"आई, त्या बाटलीचं झाकण उघडू नका," बाटली बघताच ती म्हणाली.

"का? तुझ्या पुस्तकात लिहिलं नाही वाटतं?"

"लिहिलंय ना. शून्य-वीस घाला, दुसरं घालू नका. पहिला आकडा गारठ्यात तेल किती सहज वाहतं त्याचा. दुसरा तापल्यावर किती जाड राहतं त्याचा. या इंजिनातल्या वाटा केसासारख्या बारीक असतात. पातळ तेल तिथे लगेच पोचतं."

"तुझं शून्य-वीस मी चोळून बघितलं. तारच येत नाही. पाणी आहे ते."

"तेलाची परीक्षा तारेवर होत नाही आई. तार पाकात येते."

हे झोंबलं. "तू जन्माला आली नव्हतीस तेव्हापासून ही बोटं तेल ओळखतायत," आक्का म्हणाली. "पुस्तक वाचून पोहता येत नाही."

"आणि बोटानं ताप कळतो, पण किती ते कळत नाही," सून म्हणाली आणि पान्हा उचलून पुन्हा गाडीखाली गेली.

दुपारी सून सामान आणायला गेली. आक्कानं गाडीचं तेल स्वतः काढलं आणि बाबांची बाटली रिकामी होईतो ओतली. संध्याकाळी मुलाला म्हणाली, "गाडीत तेलाचा लाल दिवा लागला तर थांबू नकोस. बाबा म्हणालेत, नवं तेल जुन्या तेलाशी भांडतं तेव्हा दिवा लागतो. बायकोला सांगू नकोस, उगाच तोंड वाजवेल."

मुलगा आईचा. त्यानं मान हलवली.

पाच दिवस काही झालं नाही. आक्का सुनेकडे बघून मिशीतल्या मिशीत हसली असती, मिशी असती तर. सहाव्या दिवशी सकाळी गारठा पडला, काचांवर दव साचलं. मुलगा प्रवासी सोडून रिकामा परत येत होता. उड्डाणपुलावर लाल दिवा लागला आणि तो थांबला नाही. अर्ध्या मैलावर इंजिनाच्या आतला दांडा मोडला आणि इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. तापल्या नळीवर तेल सांडलं आणि गाडीनं पेट घेतला. मागचा ट्रक वेळेत थांबला नाही. मुलाला पत्रा कापून काढावं लागलं. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला, हातांची कातडी मोज्यासारखी निघाली.

दवाखान्यात शुद्ध आली तेव्हा बायको डॉक्टरकडे गेली होती. आईला बघून तो एवढंच म्हणाला, "दिवा लागला होता. तू म्हणालीस म्हणून नाही थांबलो." मग औषधानं पुन्हा झोपला.



जळक्या गाडीच्या चेंबरमधलं तेल सुनेनं खरवडून आणलं. एका बाटलीत ते, दुसरीत शून्य-वीस. दोन्ही तिनं फ्रीजच्या बर्फखान्यात ठेवल्या. तासाभरानं सासूसमोर आडव्या केल्या. शून्य-वीस मधासारखं का होईना, पण वाहिलं. दुसरं तेल बाटलीच्या बुडाला चिकटून बसलं. बाटली उलटी केली तरी हललं नाही.

"गारठ्यात इंजिन उठतं तेव्हा पंपाला हे ओढायचं असतं," सून म्हणाली. "डिंक घालून घट्ट केलंय. झिजलेल्या इंजिनाच्या फटी भरतो म्हणून खडखड दबते. दुखणं तसंच राहतं, फक्त रुग्णाच्या तोंडात बोळा. तुम्ही चोळलंत ते तुमच्या बोटांच्या उबेचं तेल होतं आई. इंजिनात त्यापेक्षा थंडही असतं आणि तिप्पट तापलेलंही. बोटाला ते कसं कळावं?" मग तिनं सरळ डोळ्यांत बघितलं. "गाडीत हे कुणी ओतलं?"

"कुणी का ओतेना," आक्का म्हणाली आणि उठून गेली.

सुनेला उत्तर कळलं होतं. तिला ते ऐकायचं होतं, आणि ऐकायला मिळालं नाही.

त्या आठवड्यात गल्लीत आणखी दोन इंजिनं जाम झाली. एक पंक्चरवाल्याचं. लोक वखारीत गेले, ओरडले. बाबांनी डोळे मिटले, उघडले आणि सांगितलं, "माझं तेल कोपलंय. ज्या हाताला श्रद्धा नाही त्या हातानं एक इंजिन उघडलं. तो हात फुटेपर्यंत कुणाच्या गाडीत माझं तेल टिकणार नाही."

असा हात गल्लीत एकच होता. शून्य-वीसचा, पुस्तकाचा, आणि बाईचा.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी लोक सळया घेऊन आले. आक्का आत पाणी पीत होती. बाहेर काच फुटली, मग दुसरी, मग कपाटं आडवी पडण्याचा आवाज. ती बाहेर आली तोवर सुनेला केसांना धरून गल्लीतून ओढत नेलं होतं. रस्त्यावर एक चप्पल होती आणि रक्ताची एक रेघ, वखारीकडे जाणारी. शेजारचा वेल्डिंगवाला आडवा पडला होता. त्यानं आडवं यायचा प्रयत्न केला असावा, त्याचा कान अर्धा लोंबत होता.

आक्कानं कोपऱ्यातली पहार उचलली. सत्तरीची बाई. पहार तिच्याहून जड नव्हती एवढंच.

आवारात बाबांचा खेळ चालू होता. पुरावा हवा ना लोकांना. गाडी खड्ड्यावर, इंजिन चालू, बोल्ट काढलेला, तेल बरणीत. कामाच्या बाकाला लोखंड आवळायचा मोठा शिकंजा होता. त्याच्या दोन जबड्यांमध्ये सुनेचा उजवा पंजा अडकवला होता. दोघांनी तिचे खांदे धरले होते आणि शिकंज्याचा दांडा पंक्चरवाल्याच्या हातात होता.

"तेल नाही, तरी चालतंय," बाबा म्हणत होते. "श्रद्धा असेल तिथे लोखंडही ऐकतं. फिरव."

पंक्चरवाल्यानं फिरवला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला, मग दुसरा. सून ओरडली नाही, तिनं आपलाच खालचा ओठ दातांनी फाडला.

पहार पंक्चरवाल्याच्या गुडघ्यावर बसली. तो कोसळला. ज्यानं आक्काचे केस धरले त्याच्या नाकावर तिनं पहारेचं टोक मागच्या मागे हाणलं, आणि शिकंजा उलटा फिरवून पंजा सोडवला. दोन बोटं सपाट झाली होती. सुनेनं ती पोटाशी धरली.

मग सगळे एकदम अंगावर आले असते. पण आक्का बोलली, आणि चाळीस वर्षं गल्ली ज्या आवाजाला थांबत आली होती त्याला सवयीनं थांबली.

"तेल हिनं नाही ओतलं," ती म्हणाली. "हिनं नको म्हटलं होतं. मी ओतलं, हिच्या मागे, चोरून. दिवा लागला तरी थांबू नको असं मुलाला मीच सांगितलं. त्याचा पाय मी मोडला. आणि तुमच्या गाड्याही मीच मोडल्या, कारण 'हे तेल' असं मी म्हणाले म्हणून तुम्ही घेतलंत."

मागे इंजिन खडखडत होतं.

"मग हात तुझा ठेव," बाबा म्हणाले. आवाज अजून गोड होता.

"ठेवते. दोन्ही ठेवते. आधी एक सांगा. चेंबर रिकामं आहे ना?"

"सगळ्यांनी बघितलं."

"रिकाम्या भांड्याला बुडाशी भोक पाडलं, तर काय सांडतं?"

"माझ्या गाडीला हात लावायचा नाही," बाबा म्हणाले. गोडवा गेला होता.

"लावू द्या की," खाली पडलेला पंक्चरवाला गुडघा धरून म्हणाला. तो कण्हत होता, पण त्याची गाडी मेली होती आणि मेलेली गाडी माणसाला विचार करायला लावते. "रिकामंच आहे ना. रिकाम्याला कसली भीती?"

"आई," सून मागून म्हणाली, "बोल्टच्या भोकाशी नको. अगदी बुडाशी. आणि ती पट्टी बघा, टोक कानशीनं घासलंय. आखूड केलीय."

एक चेला खड्ड्याच्या तोंडाशी आला. वेल्डिंगवाला तोवर लोंबता कान घेऊन पोचला होता. त्यानं चेल्याला कमरेत धरून बरणीवर आपटलं. काच फुटली आणि चेला तेलातच पडून राहिला. बाकावरची छिन्नी आणि हातोडा घेऊन आक्का खड्ड्यात उतरली. छिन्नी चेंबरच्या बुडाला लावली आणि हातोड्याचे तीन घाव घातले. तिसऱ्याला पत्रा फाटला.

तेल आलं. थेंब नव्हे, धार. तापलेलं काळं तेल तिच्या कपाळावर, गालावर, मानेवर पडलं आणि कातडी सोलवटली, पण ती हलली नाही. वरून दोनशे माणसं वाकून बघत होती, रिकाम्या भांड्यातून किती तेल निघतं ते.

धार संपली, आणि आता मात्र चेंबर खरंच रिकामं झालं. आक्का वर चढून आली आणि म्हणाली, "गाडी चालू राहू द्या. पाय द्या जोरात. श्वासावर चालते ना?"

वेल्डिंगवाल्यानं गाडीत बसून ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. मिनिटभर इंजिन गरजलं. मग आत काहीतरी ठोकू लागलं, बाहेर पडायला वाट मागावी तसं. ठोके वाढले, धूर आला, एक किंकाळी आली, जी माणसाची नव्हती, आणि चमत्कार एका झटक्यात थांबला. आवारात जळक्या लोखंडाचा वास पसरला.

बाबा भिंतीकडे सरकत होते. लोक त्यांच्याकडे वळले. मघाचेच लोक, मघाच्याच सळया. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसऱ्यानं पांढरा डगला लाल झाला.

"थांबा," आक्का म्हणाली. "हा मेला तर उद्या याचा फोटो लावाल आणि फोटोला तेल विचाराल. जिवंत ठेवा. याच्या तोंडून ऐकू द्या, मग पोलिसांना द्या."

तिनं चेंबर खोलायला घेतलं. सुनेची बोटं चालत नव्हती, म्हणून सून सांगत होती आणि आक्का पान्हा फिरवत होती. चेंबर खाली आलं. बोल्टच्या भोकावर आतल्या बाजूनं चार बोटं उंच नळी वेल्डिंग करून उभी केली होती.

"माठाची तोटी बुडाशी नसून वर असते," सून म्हणाली. तिच्या हनुवटीवरून रक्त ठिबकत होतं आणि आवाज सरळ होता. "तोटीतलं पाणी थांबलं म्हणजे माठ रिकामा झाला का? नळीच्या वरचं तेल बरणीत आलं, खालचं आत राहिलं. पंप तेच ओढत होता. मोजायची पट्टी आखूड, म्हणून ती कोरडी. एवढाच श्वास."

"खरं का?" आक्कानं बाबांना विचारलं.

बाबांनी मान हलवली. तेल कुठलं, तेही सांगितलं. ट्रकच्या गिअरचं जुनं तेल, गाळलेलं, त्यात डिंकासारखं औषध. या गावाआधी आणखी तीन गावं झाली होती.

ज्यांनी सुनेचे खांदे धरले होते ते दोघे खाली बघत होते. त्यांना सून काही बोलली नाही. आक्का बोलली. काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण ते दोघे आणि पंक्चरवालाही पोलिसांच्या गाडीत बाबांच्या शेजारी बसून गेले, आणि साक्ष आक्कानं दिली. रोजचा चहा पिणारा म्हणून तिनं एक शब्द कमी केला नाही.

मुलगा तीन महिन्यांनी कुबडीवर आला. सुनेची दोन बोटं गेली ती गेलीच. आता गॅरेजमध्ये सून वाचते आणि आक्का करते. तिच्या गालावर भाजल्याचा चट्टा आहे, तो ती पदरानं झाकत नाही.

एके दिवशी एक गाडीवाला नव्या तेलाचा डबा घेऊन आला. "आक्का, जरा चिमटीत बघून सांगता?"

आक्काचा हात सवयीनं डब्याकडे गेला. बोटं तेलापाशी पोचली आणि थांबली. तिनं ती कोरडीच फडक्याला पुसली.

"बोटं जुन्या काळची आहेत, गाडी नव्या काळची," ती म्हणाली. "तुझ्या गाडीचं पुस्तक काढ. पुढच्या कप्प्यात असेल, अजून प्लास्टिकच्या पिशवीत. त्यात आकडे आहेत, ते डब्यावर आहेत का बघ. वाचता येत नसेल तर सुनेला विचार. मी विचारते. आणि कुणी म्हणालं की लाल दिव्याकडे बघू नको, तर आधी गाडी थांबव, मग त्याला विचार, का बघू नको?"

"आणि त्यानं नाही सांगितलं तर?"

"तर भांडं उलटं करून बघ," आक्का म्हणाली. "खऱ्याला उलटं केलेलं चालतं."